डावा खिसा

४ फेब्रुवारी

ताई,

डावा पाय क्लचवर होता आणि तो तिथे आहे हे मला कळलंच नाही, त्या क्षणी सगळं बदललं. चढावर सिग्नल लागलेला, मागे गाडीभर खिडक्यांच्या काचा उभ्या रचलेल्या, आणि मी आपला समजत होतो की क्लच दाबून धरलाय. पाय कधी सुटला कोण जाणे. गाडीने आचका दिला, बंद पडली, मागे घरंगळली. एक काच फुटली तर एक आवाज होऊन संपतो. गाडीभर फुटल्या की आवाज नंतर कितीतरी वेळ येत राहतो, कोणीतरी सावकाश टाळ्या वाजवत असल्यासारखा.

मालक आले. मागचं दार उघडून आत बघितलं आणि दार परत लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडून मोकळा झालो असतो. पण ते म्हणाले, "आधी पायाचं बघ. तोवर किल्ली इकडे दे."

तर पायाचं. माणूस बसतो ज्या जागेवर, तिथून डावीकडे एक तार निघते. मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट करंगळीपर्यंत. कोणीतरी ती तार तापवून ओढत बसलेलं असतं. स्कॅन काढला. कमरेच्या मणक्यांमधली एक चकती जरा बाहेर आलीय म्हणे. आईने ते ऐकलं आणि मणका सरकला असं गल्लीभर करून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलंय. बाबा माझ्याशी बोलत नाहीत हे तुला माहीतच आहे. मी कॉलेज सोडल्यापासून ते भिंतीशी बोलतात आणि भिंतीने मला कळवावं अशी अपेक्षा ठेवतात. काल भिंतीला म्हणाले, "प्रयोगशाळेत स्टूल फेकलं तेव्हाच सरकला असणार मणका."

स्टूल मी सरांच्या दिशेने फेकलं होतं, सरांना मारलं नव्हतं, हे आता शेवटचं लिहितो. सगळ्या वर्गासमोर ते तिला जे बोलले ते ऐकलं असतंस तर तू कपाट फेकलं असतंस. आणि ती मला काय म्हणाली? "तुला कोणी सांगितलं होतं?" बस. मी कॉलेज सोडलं आणि तिने मला.

तिच्या पत्रांचं तू मागच्या वेळी विचारलं होतंस. सगळी परत केली. तिच्या भावाच्या, त्या पैलवानाच्या, हातात दिली. आता तो विषय काढू नकोस.

फोन करू नकोस, फोन नाही. तिचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी तो गच्चीवरच्या टाकीत गेला. पत्रच लिही. तू हॉस्पिटलात रोज लोकांना चालतं करतेस, तर मला एवढंच सांग, मी परत गाडी चालवेन ना? कॉलेज गेलं, ती गेली. आता गाडीही गेली तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही.

तुझा,
भडक्या

१२ फेब्रुवारी

भडक्या,

मावशीचा फोन तुझ्या पत्राच्या आधी पोचला, त्यामुळे तुझा मणका सरकला, तू आता कधी उठणार नाहीस, हे सगळं मला कळलेलंच होतं. फोन टाकीत टाकलास ते मात्र तिने सांगितलं नव्हतं. तुम्ही सगळे तेच पाणी पीत असाल. शाबास.

आता ऐक. तू ज्या जागेचं नाव लिहायला लाजलास तिला कुल्ला म्हणतात. मी दिवसभर लोकांचे कुल्ले दाबून पोट भरते, माझ्यापुढे लाजू नकोस. ती नस कमरेतून निघते हे खरं. पण पुढे ती कुल्ल्याच्या स्नायूंखालून जाते, आणि तिथे तिला कशाने चिमटीत धरलं तर ती पायभर बोंबलते. मार बिचाऱ्या मणक्याला बसतो. जरा बाहेर आलेली चकती तर कितीतरी लोकांची असते. ते नाचतात, भांडतात, त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे तुझी चकती निर्दोष आहे असं मी इथे बसून म्हणत नाही. पण सुरी लावण्याआधी मला नीट उत्तरं दे.

कमरेत दुखतं का? खोकलास, शिंकलास की पायात कळ जाते का? बसल्यावर जास्त की चालल्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू बसतोस कशावर? सीट खचलीय का, कुठे कड रुतते का, मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या, काही असतं का? हसू नकोस. आमच्याकडे असे येतात.

पत्रं परत केलीस ते वाक्य मी दोनदा वाचलं. फार बरं वाटलं. लग्न ठरलेल्या मुलीची पत्रं दुसऱ्याच्या घरात असणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.

धाकटी मांडीवर आहे. अक्षर वाकडं असेल तिथे ते तिचं समज.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

खोकलो. मुद्दाम, इतक्या जोरात की आई पाणी घेऊन धावत आली. पायात काही नाही. शिंक आणायला नाकात दोरा घातला, शिंकलो, काही नाही. कमर ठणठणीत. चालताना कमी, उभं राहिलो तर निभतं, बसलो की संपलं. सध्या गोदामात स्टुलावर बसून काचांच्या मध्ये कागद घालतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाय पेटलेला असतो. माझी गाडी आता गोदामातला खोकड चालवतो. गिअर टाकताना तो जो आवाज काढतो ना, तो माझ्या दातांत जातो.

कशावर बसतो म्हणजे काय? सिंहासनावर! गाडीत सीटवर, गोदामात स्टुलावर, अजून कशावर बसणार? खिशात काही नसतं. पाकीट शर्टाच्या खिशात असतं आणि त्यातही काही नसतं.

तिच्या बाजूने बोलायला सगळं जग आहे, तू तरी माझ्या बाजूने बोल. परवा ती रस्त्याच्या पलीकडून गेली. मी ताठ उभा राहिलो, पाय अजिबात दिसू दिला नाही. तिने बघितलंच नाही.

भडक्या

३ मार्च

भडक्या,

तुझी उत्तरं वाचून मला मणक्याचा संशय कमी आणि कुल्ल्याचा जास्त येतोय. बसलं की दुखणं, कमर मोकळी, खोकल्याला काही नाही. ऑपरेशन जरा पुढे ढकलायला सांग. हे माझं नाव घेऊन सांग, डॉक्टर ऐकतील, चांगले असतील तर त्यांनाही शंका असेलच.

खिशात काही नसतं असं तू लिहितोस, म्हणून मी सीटवर येते. जाड गादी कर, डावा कुल्ला टेकतो तेवढा भाग कापून काढ, म्हणजे तिथे दाब येणार नाही. अर्ध्या तासाने उठ. सोबत व्यायाम काढून पाठवलेत. चित्रातला माणूस बेडकासारखा दिसतो, तो तूच. रोज कर. तीन-चार आठवडे दे.

आणि ताठ उभं राहायची नाटकं बंद कर. तिने बघितलं नाही हे तुझ्यावर उपकार आहेत.

ताई

१० एप्रिल

ताई,

गादी केली. कापली. बेडूक रोज केला. आई दारात उभी राहून बघते आणि डोळे पुसते, तिला वाटतं हे शेवटचे प्रयत्न. काही फरक नाही. उलट आता रात्रीही पोटरी जागी असते. डॉक्टर म्हणाले, एवढं करून फरक नाही तर चकतीचंच बघू. बावीस तारीख मिळालीय. मालकांनी शब्द दिलाय, बरा होऊन आलास की गाडी तुझी.

तू काय म्हणतेस तेवढं कळव. तू नको म्हणालीस तर मी नाही करणार.

भडक्या

१६ एप्रिल

भडक्या,

पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आमच्या इथल्या मोठ्या बाईंना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बसण्याची जागा मोकळी केली, खिसे रिकामे आहेत, ताणून झालं, तरी वाढतंय, तर मग कमरच असू शकते. मी चुकले असेन. हरले, बाबा.

कर ऑपरेशन. घाबरू नकोस. मावशीला म्हणावं दारात उभं राहून रडू नकोस, खुर्ची घे.

ताई

२० मे

ताई,

तार गेली! अग, साफ गेली. शुद्धीवर आलो तेव्हाच पाय हलका लागला. आता घरी पडून आहे आणि पाय माझा आहे. बाबा काल थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी हवं का?" भिंत मध्ये नव्हती. मी इतका गडबडलो की नको म्हटलं.

तुझा बेडूक हरला, मणका जिंकला. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग. जूनमध्ये गाडीवर जातो. खोकडला आत्तापासून कापरं भरलंय.

भडक्या

५ जुलै

ताई,

बसून लिहीत नाहीये. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याने लिहितोय.

गाडी मिळाली आणि गेली. या वेळी काचा फुटल्या नाहीत. मीच कडेला लावली, उतरलो, खोकडला निरोप पाठवला आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याने दात काढले नाहीत. म्हणजे माझी अवस्था काय असेल ते बघ.

आता जे लिहितोय ते वाचून मला शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच. पत्रं मी परत केली नव्हती. पैलवान मागायला आला होता, मी दिली नाहीत. त्याने खोली उलटीपालटी केली. कपाट, पिठाचा डबा, गादी तर फाडलीच. तेव्हा पत्रं माझ्या अंगावर होती, म्हणून बचावली. त्या दिवसापासून ती मी कुठे ठेवली नाहीत. सुट्टीत ती आजोळी जायची तेव्हा लिहायची, सगळ्या सुट्ट्या आहेत त्यात. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, वर दोरी, मागच्या खिशात. उजव्याची शिवण उसवलेली आहे, म्हणून डाव्यात.

गाडीत मी त्यावर बसायचो. गोदामात त्यावरच. तू सांगितलेली गादी केली, कापली, आणि तिच्यावर गठ्ठ्यासकट बसलो. मला खरंच सुचलं नाही ग. तू पाकीट विचारलंस, किल्ल्या विचारल्यास, माझ्या डोक्यात पाकीट आणि किल्ल्याच आल्या. असं लिहिणार होतो. पण तेही खोटं आहे. तुझं पत्र वाचताना माझा हात खिशाकडे गेला होता. लिहिलं असतं तर तुला कळलं असतं की परत केली नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. कमरेत काहीच दुखत नाही म्हटल्यावर ते थबकले. "मागच्या खिशात काही ठेवता?" बाबा शेजारी उभे होते. मी नाही म्हटलं.

हॉस्पिटलच्या पायजम्याला खिसा नव्हता. घरी पडून होतो तेव्हा गठ्ठा उशीखाली. म्हणून तार गेली होती, ताई. जूनमध्ये पँट घातली, गठ्ठा खिशात गेला, आणि तार परत आली. तेव्हा कळलं.

कळलं तरी काढला नाही. हे कसं सांगू तुला. दुखायला लागलं की ती आहे असं वाटायचं. जगात तिचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं आणि ते मला करंगळीपर्यंत जाणवत होतं. आता करंगळीत काही जाणवत नाही. काल रस्त्यात डाव्या पायातली चप्पल निघून गेली आणि मी तसाच पुढे चालत गेलो. मागून एका बाईने हाक मारून सांगितलं.

पाठीवर वण आहे. आई त्याला रोज तेल लावते आणि डॉक्टरांचं भलं चिंतते.

भडक्या

१२ जुलै

हे पत्र खाली ठेवायच्या आधी खिसा रिकामा कर.

केलास? आता पुढचं वाच.

मी विचारलं होतं. सरळ, साध्या शब्दांत विचारलं होतं. तू लिहिलंस, काही नसतं. ते खरं धरून मी मोठ्या बाईंशी बोलले, ते खरं धरून मी लिहिलं, कर ऑपरेशन. तुझ्या पाठीवरच्या त्या वणात माझाही हात आहे, आणि तो तू माझ्याकडून फसवून घेतलास. हॉस्पिटलात कोणी मागच्या खिशाचं विचारायला लागलं की आता माझी जीभ अडते. धाकटीला उगीच धपाटा दिला.

दुखणं जाईल. बधिरपणाचं खोटं बोलणार नाही. नस फार दिवस दबली की हळूहळू येते, कधी महिन्यांनी, कधी अर्धवट, कधी येत नाही. पाऊल असंच घसटत राहील असंही होऊ शकतं. इथे येऊन राहा, मी रोज बघेन. पण क्लचवर तो पाय परत ठेवू नकोस. तू विचारलं होतंस, मी गाडी चालवेन ना. नाही, राजा. असा पाय घेऊन नाही. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं असतात.

आणि ती पत्रं तुझी नाहीत. तू त्यावर बसून राहिलास, ती तिकडे प्रत्येक वेळी दार वाजलं की दचकत असेल. पैलवान तुझी गादी फाडायला हौसेने आला होता का? बहीण रात्रंदिवस रडते म्हणून आला होता. लग्नाआधी नेऊन दे. खिशात घालून नको, हातात धर. आणि लवकर ये.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

खिसा तेव्हाच रिकामा केला होता. पहिले काही दिवस फरक नव्हता. मग एका सकाळी जिना उतरताना लक्षात आलं, तार नाही. मला वाटायचं त्या दिवशी मी ओरडेन, नाचेन. मी पायरीवर उभा राहून वाट बघत राहिलो, येते का परत म्हणून. नाही आली. करंगळीही नाही आली, आणि खुर्चीवर टेकायची हिंमतही. आता डाव्या पायात ना ती आहे ना मी.

काल तिच्या घरी गेलो. गठ्ठा हातात धरून, तू सांगितलंस तसा.

दार पैलवानानेच उघडलं. मी ठरवूनच गेलो होतो, त्याने हात उचलला की मीही उचलायचा. फार दिवसांत कोणाशी भांडलो नव्हतो. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली पायाकडे. डाव्या चपलेला मी मागून इलॅस्टिक शिवून घेतलंय, लहान मुलांच्या चपलेला असतं तसं. ते त्याने बघितलं, आत गेला आणि खुर्ची घेऊन आला.

"बस."

"नको. मला बसवत नाही."

"अरे बस की. मारत नाही मी."

"मारलंस तरी चालेल. बसवत नाही एवढंच."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. याच माणसाने माझी गादी फाडली होती, ताई. त्याने एक ठेवून दिली असती तर मला वाटलं असतं, मी अजून कोणीतरी आहे.

ती आतून आली. शाळेत लागलीय. बोटांना लाल शाई, टेबलावर मुलांच्या वह्यांचा ढीग. मी गठ्ठा पुढे केला. तिने दोरी सोडली, प्लास्टिक काढलं, मोजलं नाही, वाचलं नाही, टेबलावर ठेवला. तो टेबलाला टेकेना. इतके महिने माझ्याखाली राहून तो कौलासारखा वाकलाय. तिने तळहाताने दाबला, हात काढला, तो परत उठला आणि डुलायला लागला. टक, टक, टक. तिने त्यावर वह्या ठेवल्या. वह्या घसरल्या.

"कुठे होती इतके दिवस?" तिने विचारलं.

"घरात. कपाटात."

"कपाट मी बघितलं होतं," पैलवान म्हणाला.

मी माझ्या चपलेकडे बघितलं.

"आणि पायाला काय झालं?" तिने विचारलं.

"मणका," मी म्हटलं. "मणका सरकला होता. ऑपरेशन झालं."

"काळजी घे," ती म्हणाली. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस उतरताना आपण म्हणतो ना, तसं.

मी निघायला वळलो आणि तेव्हा लक्षात आलं, ही तीच पँट आहे. डाव्या खिशावर गठ्ठ्याएवढा चौकोन घासून पांढरा पडलाय. शर्ट खाली ओढला. मागे टेबलावरची टकटक थांबली. तिने गठ्ठ्यावर हात ठेवला असेल.

"थांब जरा," ती म्हणाली.

आवाज वेगळा होता. तो आवाज मला माहीत आहे, ताई. वर्षभर मी त्या आवाजासाठी काहीही फेकलं असतं. वळलो असतो तर तिने माझं तोंड बघितलं असतं आणि तिला सगळं कळलं असतं. मग ते तिच्याबरोबर लग्नात गेलं असतं, त्या घरात गेलं असतं, ती जिथे बसली असती तिथे तिला रुतलं असतं.

नाही वळलो. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

डावं पाऊल उजव्याच्या मागून ओढत उंबऱ्याबाहेर घेतलं आणि दार लावून घेतलं.